कोऱ्या सागवानावर गुळगुळीत व्हार्निश हवं असेल तर डबा उघडण्याआधी काय करायचं

व्हार्निश लाकडातलं काहीच झाकत नाही. ऑइलपेंटखाली प्रायमर असतो, लांबी असते, वर दोन हात रंग असतो. त्यात बरंच काही लपून जातं. व्हार्निश पारदर्शक असतं, शिवाय ते लाकडाचा रंग गडद करतं. कोऱ्या, कोरड्या फळीवर डोळ्याला न दिसलेला ओरखडा, गोंदाचा डाग, रंध्याची लाट, सगळं पहिला हात मारल्यावर ठळक होऊन समोर येतं. तेव्हा ते काढायचं तर ओलं व्हार्निश वाळेपर्यंत थांबा, मग घासून परत कोऱ्या लाकडापर्यंत या. म्हणून हे काम पहिल्यांदाच करणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं असतं की लाकूड तिरप्या उजेडात आणि ओलं करून बघायची सवय लावा. कुठे किती घासायचं, कुठे भरायचं, कुठे थांबायचं, हे त्या बघण्यातूनच ठरतं.

उदाहरण म्हणून घरातलं आतल्या खोलीचं नवं सागवानी दार घेऊ. सुताराने करून दिलंय, अजून कोरं आहे, आणि त्यावर ब्रशने तेलाचं व्हार्निश किंवा एका डब्यातून येणारं पीयू (पॉलियुरेथेन) मारायचं आहे. टेबल, कपाटाचं दार, खिडकीची आतली चौकट यांनाही हीच पद्धत चालते. पाऊस-ऊन झेलणाऱ्या बाहेरच्या दाराचं गणित वेगळं, ते इथे नाही.

लाकूड कोणतं आणि वाळलंय का

सागवानाच्या दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. एक, त्यात नैसर्गिक तेल असतं. त्या तेलामुळेच ते वाळवी आणि पाण्याला पुरून उरतं, पण त्याच तेलामुळे व्हार्निश वाळायला वेळ लागतो आणि कधीकधी नीट धरत नाही. दोन, त्याची छिद्रं उघडी आणि मोठी असतात. नखाने आडवी रेघ ओढली तर खाचा जाणवतात. आल्लापल्ली-बल्लारपूरकडचा सागवान असो की वखारीत ‘बर्मा टीक’ किंवा ‘घाना टीक’ म्हणून मिळणारा, या दोन गोष्टी कमीअधिक प्रमाणात सगळ्यांत सापडतात. फळीच्या कडेला पांढरट पट्टा असेल तर तो झाडाच्या बाहेरच्या भागाचा. तो व्हार्निश जास्त पितो आणि तरीही उजळच राहतो. रंग एकसारखा हवा असेल तर हे आधीच सुताराशी बोलून घ्या, कारण घासून तो जात नाही.

पाइनवुड असेल तर गाठींकडे बघा. गाठीतला डिंक नंतर व्हार्निशमधून बाहेर येतो, म्हणून गाठींवर आधी लाखेचा पातळ हात द्यावा लागतो. आणि दार प्लायचं असून वर सागवानी वीनिअर, म्हणजे लाकडाचा चिकटवलेला पातळ पापुद्रा, असेल तर फारच जपून. ते वीनिअर साधारण अर्ध्या मिलिमीटरचं, कधी त्याहूनही पातळ असतं. त्यावर ८० किंवा १२० नंबरचा खरखरीत पॉलिश पेपर लावायचाच नाही. १८० पासून सुरू करून हलक्या हाताने घासायचं. घासायचं मशीन तर नकोच. वीनिअर घासून खालचा थर दिसला की त्यावर उपाय नाही.

ओलीचं म्हणाल तर घरातल्या कामासाठी लाकडातलं पाणी १२ टक्क्यांच्या आसपास किंवा कमी असावं. सुताराकडे ओल मोजायचं मीटर असेल तर मोजून घ्या. नसेल तर दार ज्या खोलीत बसणार त्याच खोलीत दोन-तीन आठवडे, दोन्ही बाजूंना हवा लागेल असं उभं ठेवा. मुंबई, कोकण, गोवा या पट्ट्यात पावसाळ्यात हे काम काढूच नये. दार फुगलेलं असतं, व्हार्निश वाळत नाही, आणि लाखेचं किंवा लॅकरचं पॉलिश दमट हवेत पांढरं पडतं. दिवाळीनंतर ते मार्चपर्यंतचा काळ सगळ्यात चांगला. विदर्भात मे महिन्याच्या दुपारी उलटा त्रास होतो: व्हार्निश ब्रशखालीच ओढायला लागतं आणि ब्रशच्या रेघा तशाच राहतात. तिथे सकाळी लवकर काम उरकायचं.

सामान

पॉलिश पेपर ८०, १२०, १८०, २२० आणि ३२० नंबरचे. नंबर जितका मोठा तितका कागद बारीक. काळा वॉटर पेपर कोऱ्या लाकडावर वापरू नका, त्याची काळपट पूड सागवानाच्या छिद्रांत बसू शकते. तो नंतर, दोन हातांच्या मध्ये घासायला उपयोगी पडतो. कागद गुंडाळायला एक ठोकळा लागतो. कॉर्कचा मिळाला तर उत्तम, नाहीतर हातात मावेल असा लाकडी ठोकळा घेऊन खाली जुन्या रबरी चपलेचा तळ कापून चिकटवा. तोही विकतच्या ठोकळ्याइतकाच चांगला चालतो. शिवाय धारदार पटाशी, लांबीची पत्ती, टर्पेंटाईन, सुती फडकी, टॉर्च, आणि एन-९५ किंवा एफएफपी-२ दर्जाचा मास्क.

मास्कबाबत हयगय नको. सागवानाच्या पुडीने अनेकांच्या अंगाला खाज सुटते, शिंका येतात. आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाची धूळ माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या गोष्टींच्या गटात घातली आहे. नाकाला रुमाल बांधून ही बारीक पूड अडत नाही.

स्टील वूल, म्हणजे लोखंडी तारेचा काथ्या, कोऱ्या लाकडापासून लांब ठेवा. त्याचे कण छिद्रांत अडकतात, पुढे ओल लागली की गंजतात आणि लाकडावर काळे ठिपके पडतात. सिलिकॉनचा स्प्रे आणि चकाकी आणणारी फर्निचर पॉलिशं त्या खोलीतही नकोत. सिलिकॉनचा अंश राहिला तर व्हार्निश तिथून मागे सरतं आणि माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात.

आधी नुसतं बघा

कड्या, बिजागऱ्या, हँडल सगळं काढून ठेवा. भोवती चिकटपट्टी लावून घासणं म्हणजे त्या कडेला कायमची जाड रेघ. दार सुताराच्या दोन लाकडी घोड्यांवर किंवा स्टुलांवर आडवं टाका. खोलीतले दिवे बंद करा, खिडकीचा पडदा ओढा, आणि टॉर्च पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून उजेड आडवा सोडा. मशीनच्या रंध्याने पडलेल्या बारीक लाटा, आडवे ओरखडे, हातोड्याचे ठोके, सांध्यावरची उंची यांची सावली पडते. प्रत्येक ठिकाणी खडूने हलकी खूण करा.

मग फडकं टर्पेंटाईनमध्ये भिजवून, पिळून, सगळ्या दारावर फिरवा. खिडक्या उघड्या हव्यात आणि जवळ गॅस, उदबत्ती, सिगारेट काही नको. लाकूड गडद होतं. व्हार्निश मारल्यावर साधारण हाच रंग येणार. जिथे गोंद सांडलाय तिथे मात्र लाकूड फिकट राहतं, कारण गोंद काहीच आत जाऊ देत नाही. सांध्यांच्या आसपास हे डाग हमखास असतात. कोरडं असताना ते दिसत नाहीत. टर्पेंटाईन उडून जातं, लाकडाचे तंतू फुगवत नाही, त्यामुळे हे हवं तितक्या वेळा करता येतं. पुढच्या प्रत्येक टप्प्यानंतर टॉर्च लावा, आणि शंका आली की टर्पेंटाईन फिरवा.

दुरुस्ती

वाळलेला गोंद पटाशीने खरवडून काढा, मग तिथे १२० ने घासा. नुसतं कागदाने घासायला गेलात तर आजूबाजूचं मऊ लाकूड आधी झिजतं आणि गोंद तसाच राहतो. सुतार काम करत असतानाच तुम्ही तिथे असाल तर त्यांना विनंती करा की बाहेर आलेला गोंद ओल्या फडक्याने पुसू नका. पुसला की तो पातळ होऊन छिद्रांत पसरतो. अर्धवट सुकून रबरासारखा झाला की पटाशीने अख्खा उचलता येतो.

ठोका लागून खोलगा पडला असेल आणि तंतू तुटले नसतील, नुसते दबले असतील, तर भरायची गरज नाही. त्यावर थोडं पाणी सोडा, दहा मिनिटांनी ओलं सुती फडकं ठेवून वरून गरम इस्त्री क्षणभर टेकवा. वाफ तंतूंना फुगवते आणि खोलगा वर येतो. दोन-तीनदा करावं लागेल. वीनिअरवर मात्र हा प्रयोग नको, उष्णतेने खालचा गोंद सुटतो.

खिळ्यांची डोकी पंच लावून पृष्ठभागाच्या दोन मिलिमीटर खाली बसवा. ही भोकं आणि बारीक फटी भरायला त्याच दाराची पूड सगळ्यात चांगली. १८० नंबरने घासताना निघालेली पूड एका वाटीत जमवा, सँडिंग सीलर (व्हार्निशच्या आधी लाकडाची छिद्रं बंद करणारा पातळ थर) किंवा घट्ट लाखेत कालवून लगदा करा आणि पत्तीने भरा. वाळताना तो आकसतो, म्हणून किंचित वर राहू द्या. पांढऱ्या गोंदात पूड कालवायची युक्ती खूप जण सांगतात. भोक त्याने भरतं खरं, पण तो ठिपका व्हार्निश पीत नाही आणि कायम वेगळा दिसतो. बाजारचा वुड फिलर घेणार असाल तर रंगाची निवड टर्पेंटाईनने ओल्या केलेल्या लाकडाशी ताडून करा. कोरड्या सागवानाशी जुळणारा फिलर व्हार्निशखाली हमखास फिका पडतो.

जुने पॉलिशवाले खडूची पूड आणि जवसाचं तेल मळून, त्यात पेवडी (पिवळी माती) आणि गेरू घालून लाकडाच्या रंगाची लांबी करतात. अजूनही त्यांच्याइतका रंग जुळवणारं कोणी मी पाहिलं नाही. पण ही लांबी सीलरचा पहिला हात वाळल्यावर भरायची. कोऱ्या लाकडात भरली तर तेल बाजूला झिरपतं आणि प्रत्येक खिळ्याभोवती गडद कडं उमटतं.

लोखंडी खिळ्याजवळ ओल लागून निळसर-काळा डाग पडला असेल तर तो घासून जाणार नाही, तो खोल असतो. एक लिटर कोमट पाण्यात साधारण ५० ग्रॅम ऑक्झॅलिक ॲसिड विरघळवून, प्लॅस्टिकच्या भांड्यातून, नायलॉनच्या ब्रशने ते सबंध फळीवर लावा. नुसत्या डागावर लावलं तर तिथे उजळ ठिगळ दिसतं. हातमोजे आणि चष्मा घाला, मुलांना दूर ठेवा, हे विष आहे. डाग उतरला की स्वच्छ पाण्याने तीन-चार वेळा पुसून घ्या आणि दोन दिवस वाळू द्या. न धुता घासलं तर त्या स्फटिकांची धूळ नाक-घसा भाजून काढते.

घासणं

खरं काम हे, आणि घाईने बिघडतं तेही हेच.

घासायचं नेहमी लाकडाच्या रेषांच्या दिशेने. आडवा ओरखडा कोरड्या लाकडावर जेमतेम दिसतो, व्हार्निशखाली तो ठळक रेघ होऊन बसतो. कागद ठोकळ्याभोवती घट्ट धरा. नुसत्या बोटांनी घासलं तर बोटं मऊ भागात रुततात आणि पृष्ठभागावर लाटा तयार होतात. जोर लावायचा नाही. कागद कापत नसेल तर तो बदलायचा. सागवानाच्या तेलाने कागद लवकर बुजतो, त्यामुळे एका दाराला नवखा माणूस अंदाज करतो त्यापेक्षा जास्त कागद लागतात. इथे पैसे वाचवू नका.

दाराला चौकटीत बसवलेली पॅनल असतील तर क्रम असा ठेवा: आधी पॅनल, मग आडव्या पट्ट्या, शेवटी उभ्या पट्ट्या. आडवी पट्टी घासताना सांध्याजवळ उभ्या पट्टीवर आडवे ओरखडे पडतातच. उभ्या पट्ट्या शेवटी घेतल्या की ते आपोआप निघून जातात. हे न सांभाळल्याने चांगल्या चांगल्या दारांचे सांधे खराब झालेले दिसतात.

सुरुवात कुठून करायची ते दारावर अवलंबून आहे. रंध्याच्या लाटा स्पष्ट दिसत असतील तर ८० पासून, बऱ्यापैकी साफ असेल तर १२० पासून. मग १८०, मग २२०. मधला नंबर गाळू नका. ८० ने पाडलेल्या खोल रेघा २२० ने जात नाहीत, फक्त गुळगुळीत होतात. हाताला छान लागतं आणि व्हार्निशखाली सगळं दिसतं. प्रत्येक नंबर पुरेसा झाला का हे कळायला एक सोपी युक्ती आहे. सुरू करण्याआधी पेन्सिलने सगळीकडे हलक्या नागमोडी रेघा ओढा. रेघा सगळीकडून सारख्या गेल्या की सगळीकडे कागद फिरला. एखाद्या ठिकाणी त्या राहत असतील तर तिथे खळगा आहे. तेवढ्याच जागी बोटाने घासून रेघ मिटवू नका, आजूबाजूचा मोठा भाग सपाट करत त्याच्यापर्यंत पोहोचा.

नंबर बदलताना पूड पूर्ण झटका. ८० च्या कागदाचा एखादा सुटा कण राहिला तर तो १८० च्या खाली येऊन नवा ओरखडा काढतो. ऑर्बिटल (गोल फिरत घासणारं) मशीन असेल तर १८० पर्यंत ते वापरा, पण त्यावर दाब देऊ नका आणि सावकाश सरकवा; दाबलं की बारीक गोल भोवरे पडतात. २२० चा हात मात्र ठोकळ्याने, रेषांच्या दिशेनेच द्या.

धारदार कडा २२० ने दोन-तीनदा हलक्या मोडा. टोकदार कडेवरून व्हार्निश मागे ओढलं जातं, थर पातळ राहतो आणि पुढे सगळ्यात आधी तिथूनच उडतं. फळीचं कापलेलं टोक, म्हणजे दाराची वरची-खालची बाजू, व्हार्निश अधाशासारखं पितं आणि काळपट होतं. तिथे ३२० पर्यंत घासा. खालची बाजू कुणाला दिसत नाही म्हणून सोडू नका. ओल तिथूनच दारात शिरते.

ही कापलेली टोकं सोडली तर २२० च्या पुढे कोऱ्या लाकडाला घासू नये. ३२०, ४०० फिरवत गेलं की लाकूड चमकायला लागतं आणि ते बघून समाधान वाटतं. पण पृष्ठभाग इतका घोटला गेला की व्हार्निश आत मुरत नाही, आणि रंगाचा स्टेन द्यायचा असेल तर तो फिका आणि डागाळलेला बसतो.

पाणी लावून कुसं उठवणं

स्वच्छ पाण्यात भिजवून घट्ट पिळलेलं फडकं सगळीकडे फिरवा आणि रात्रभर वाळू द्या. सकाळी हात फिरवला तर लाकूड खरखरीत लागेल. घासताना दबलेले तंतू पाण्याने फुगून उभे राहिलेले असतात. नव्या २२० च्या कागदाने, अगदी हलक्या हाताने, एक-दोन फेऱ्यांतच ती कुसं काढून टाका. जोर दिलात तर खालून नवे तंतू मोकळे होतील. पाण्यावर आधारित व्हार्निश मारणार असाल तर हा टप्पा टाळताच येणार नाही, नाहीतर पहिल्या हातातलं पाणीच हे काम करेल आणि सगळी कुसं व्हार्निशमध्ये अडकतील. तेलाच्या व्हार्निशसाठी तो सक्तीचा नाही, तरी मी करायला सांगेन.

छिद्रं भरायची की नाही

दारासाठी माझं मत आहे की भरू नका. सागवानाच्या रेषा जाणवाव्यात, त्यातच त्याचं रूप आहे. जेवणाच्या टेबलाला काचेसारखा सपाट पृष्ठभाग हवा असेल तर ग्रेन फिलर, म्हणजे छिद्रं भरायचा लगदा, लागेल. तो फडक्याने रेषांच्या आडवा चोळून छिद्रांत दाबायचा, ओला असतानाच जादाचा भाग आडवाच पुसायचा, वाळल्यावर २२० ने रेषांच्या दिशेने घासायचा. उभा पुसलात तर छिद्रांतलाही फिलर निघून येतो.

धूळ, तेल आणि खोली

आदल्या संध्याकाळी खोली झाडून, ओल्या फडक्याने पुसून घ्या, म्हणजे रात्रीत धूळ खाली बसेल. कामाच्या वेळी पंखा बंद, पण खिडकी उघडी. दार व्हॅक्यूमने किंवा मऊ ब्रशने झटका, छिद्रं आणि पॅनलच्या खाचा विशेष करून. मग टर्पेंटाईनने ओलसर केलेलं, धागे न सुटणारं सुती फडकं फिरवा. पाण्याच्या व्हार्निशआधी टर्पेंटाईनऐवजी किंचित ओलं मायक्रोफायबर वापरा.

सागवानाला अजून एक काम. पृष्ठभाग तेलकट वाटत असेल तर थिनरने किंवा ॲसिटोनने पुसा, उडून गेलं की लगेच, तासाभराच्या आत पहिला हात द्या. जास्त वेळ ठेवलं तर आतलं तेल परत वर येतं. आणि या टप्प्यापासून उघड्या हाताने दाराला शिवू नका. हाताचं आणि केसांचं तेलही डाग पाडतं.

पहिला हात

पहिला हात पातळ असतो. तेलाच्या व्हार्निशमध्ये १० ते २० टक्के टर्पेंटाईन घाला, किंवा कंपनीने सांगितलेला सीलर वापरा. डबा हलवायचा नाही, काडीने सावकाश ढवळायचा, नाहीतर बुडबुडे येतात. लाख सीलर म्हणून वापरायची असेल आणि वर पीयू मारायचं असेल तर मेण काढलेली लाख घ्या. साध्या चपडा लाखेतल्या मेणावर पीयू धरत नाही.

वापरलेली तेलकट फडकी चुरगळून कोपऱ्यात किंवा कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. वाळताना त्यांत उष्णता साठते आणि ठिणगीशिवाय पेट घेतात. बाहेर एकेरी पसरून पूर्ण वाळवा, किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

हात पूर्ण वाळला की परत दिवे बंद करून टॉर्च लावा. एखादा ओरखडा किंवा गोंदाचा डाग निसटला असेल तर आत्ताच तेवढा भाग कोऱ्या लाकडापर्यंत घासून घ्या. एका पातळ हाताखालून तो काढणं अजून सोपं आहे. सगळं ठीक असेल तर ३२० ने हलकं घासा. सपाट भाग एकसारखा पांढुरका, बिनचमकीचा झाला पाहिजे. छिद्रांतली बारीक चमक राहिली तर हरकत नाही, पण मोठा चकचकीत ठिपका दिसला तर तिथे खळगा आहे, आणि पुढच्या दोन हातांत तो भरून निघेल. कडांवर कागद फिरवू नका, तिथे थर लगेच उडतो. पांढरी पूड पुसून घ्या आणि पातळ न केलेल्या व्हार्निशचा दुसरा हात सुरू करा.